आतून अंगठा फिरवून

३ फेब्रुवारी

माझ्या टाचणीला, गालावर दोन आणि कपाळावर एक, आजीकडून.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन जिन्याखालूनच ओरडला, "आजी, नातीचं आलंय, चहा टाका." मी म्हटलं, आधी बातमी बघते, मग चहाचं. बातमी वाचली आणि त्याला चहा दिला, वर बिस्किटं दिली, त्याच्या पिशवीचा उसवलेला पट्टासुद्धा फुकट शिवून दिला. माणसाच्या डोक्याचे आतून फोटो काढायची नोकरी. अगं, आपल्या घरात आजवर सगळ्यांनी जगाचे पाय बघितले. डोक्यापर्यंत पोचलेली तू पहिलीच.

समोरच्या पाववालीला लगेच सांगून आले. ती म्हणते, "डोक्यात काय चाललंय ते दिसतं का हो त्यात?" म्हटलं, दिसत असलं तर तुझ्या नवऱ्यालाच आधी पाठवू. ती इतकी हसली की पिठाचे हात तोंडाला लावून बसली, मग गिऱ्हाईक तिच्या मिशा बघून हसलं.

फोनवर का बोलत नाहीस म्हणून विचारतेस. फोनवर तू नुसती "हं आजी, हं आजी" करतेस आणि पलीकडे कुणाला तरी काहीतरी आणायला सांगतेस. पत्रात तुला माझ्यापासून पळता येत नाही. आणि लिहायला मी तुझ्याबरोबरच शिकले की. तू माझ्या पायाशी बसून अक्षरं गिरवायचीस, मी वर बूट शिवता शिवता वाकून बघायचे. त्याआधी माझी सही म्हणजे अंगठा. सही आल्यावर तो अंगठा बुटाच्या कामाला उरला. तुला माहीतच आहे, आपल्या दुकानातून एक बूट माझा अंगठा आतून फिरल्याशिवाय बाहेर गेलेला नाही. खिळ्याचं टोक असो, दोऱ्याची गाठ असो, आधी माझ्या अंगठ्याला कळायचं. गिऱ्हाइकाच्या पायापर्यंत ते पोचायचंच नाही. लोक गावं ओलांडून येत ते तुझ्या आजोबांच्या चामडं कापायच्या रापीसाठी नव्हे, हे त्यांच्यासमोर म्हणू नकोस.

तर तू दिवसभर उभी असणार. तुला मऊ चामड्याचा जोड करून पाठवते. माप नको पाठवू, तुझा पाय माझ्या हातात आहे.

आता एक मनातलं. तुझे आजोबा बरे नाहीत. ताप नाही, खोकला नाही. विसरतात. मी एवढी मेहनत करून वरचं चामडं शिवते आणि दुपारी डोळा लागून उठते तर हे माझी शिवण उसवून पुन्हा शिवत बसलेले. विचारलं तर म्हणतात, "दोरा कच्चा होता." दोऱ्याला मेण मी लावते, कच्चा कसा असेल? काड्यापेटी लपवून ठेवतात आणि मग चहा स्वतःच करतात. परवा तर कहर. मी ताट घ्यायला उठले तर म्हणाले, "अगं, आत्ताच जेवलीस." मी जेवले की नाही हे माझ्या पोटाला कळणार की ह्यांना?

भांडत नाही मी. हसून सोडते. पण तुझ्या त्या यंत्रात त्यांचं डोकं एकदा घालून बघ, गुपचूप. तुझ्या बाबाला मात्र सांगू नकोस. तो लगेच दुकान बंद करायला कुलूप घेऊन येईल. मग मी बसू कुठे? माझी जागा ती खिडकीखालची चौकीच.

पाववालीची गंमत सांगितली का तुला? ती म्हणाली, डोक्यात काय चाललंय ते दिसतं का. म्हटलं, तुझ्या नवऱ्यालाच आधी पाठवू.

तुझी, पाय बघणारी आजी


१४ फेब्रुवारी

आजोबा,

हे पत्र मुद्दाम पाववाल्या मावशींच्या पत्त्यावर पाठवते आहे. आजीच्या नकळत वाचा.

आजीची दोन पत्रं एकाच आठवड्यात आली. मी आधी खूश झाले. मग दुसरं उघडलं तर तेच पत्र, पोस्टमनच्या पिशवीच्या पट्ट्यापासून सगळं तसंच्या तसं. आणि एकेका पत्रात मावशींचा विनोद दोनदा.

ती लिहिते की तुम्ही विसरायला लागला आहात. तुम्ही तिची शिवण उसवता, काड्यापेटी लपवता, जेवण झालं नसताना झालं म्हणता. मी हे पुन्हा पुन्हा वाचलं आणि प्रत्येक वेळी ते उलटं वाचावंसं वाटलं. मी चुकत असेन तर मला खरंच आनंद होईल. सांगा ना, आजोबा. घरात काय चाललंय?

तुमची टाचणी


२२ फेब्रुवारी

बाळ,

मला पत्रं लिहायची सवय नाही. पायाची मापं लिहिली आयुष्यभर. तेवढ्यात बसेल तेवढं लिहितो.

तू उलटं वाचलंस ते बरोबर आहे.

गेल्या वर्षापासून आहे. आधी वाटलं वय झालं. मग चुलीवर भांडं जळालं, ती शेजारीच बसून गात होती. म्हणून काड्यापेटी. शिवण सुंदर घालते अजून, पण वाट चुकते. टाचेकडे वळायचं तिथे पंजाकडे जाते. ती झोपली की मी उसवतो.

मास्तरांचं सांगतो. शाळेतले, दर वर्षी बूट आपल्याकडेच. नवा जोड नेला आणि चौथ्या दिवशी लंगडत आले. मोज्याला रक्त. तुझ्या आजीने बूट हातात घेतला, आत अंगठा फिरवला आणि म्हणाली, "काही नाही मास्तर, तुमचा पाय सुजलाय. मीठ कमी खा." खिळ्याचं टोक मला माझ्या जागेवरून दिसत होतं. बाळ, तो खिळा तिच्या अंगठ्यालाही टोचला. रक्ताचा थेंब आला. तिने तो पदराला पुसला आणि मास्तरांना मिठाचं पुन्हा सांगितलं.

मास्तर भला माणूस. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हो हो, मीठच जास्त होतंय."

एकदा मी तिला सांगितलं होतं, सरळ. म्हटलं, तू विसरतेस, चुकतेस, आपण दाखवू कुणाला तरी. ती चिडली, मग रडली. संध्याकाळपर्यंत मी काय बोललो ते गेलं, पण रडू राहिलं. माझ्याकडे पाठ करून बसली होती. मग वळून मलाच विचारते, "अहो, मी कशाने रडले?"

पुन्हा सांगू का? तू शिकलेली आहेस. ती लपवते आहे का? घाबरून मान्य करत नाही का? तेवढं सांग. दुकान मी बघतो.

आजोबा


२ मार्च

आजोबा,

ती लपवत नाही. हटूनही बसलेली नाही. हे आधी लिहिते, कारण तुम्ही मनातल्या मनात तिच्यावर थोडे रागावत असाल, आणि मग त्या रागाबद्दल स्वतःवर.

मी रोज ज्यांचे फोटो काढते त्यातल्या बऱ्याच जणांचं असंच असतं. आठवणी साठवणारा भाग कानांच्या आतल्या बाजूला असतो, तो आक्रसतो, म्हणून विसरणं. पण आपण विसरतोय हे कळणं हे वेगळंच काम आहे. ते काम बरंचसं कपाळामागचा भाग करतो, जास्त करून उजवीकडचा, आणि मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांच्या मधली पट्टी. आपण आत्ता काय केलं ते हे भाग आपल्या मनातल्या स्वतःच्या चित्राशी ताडून बघतात आणि फरक पडला तर चित्र बदलतात. आपल्या दुकानातलं सांगायचं तर आजीचा अंगठा जे बुटात करतो तेच हे भाग आपल्या आत करतात. त्या अंगठ्यालाच बधिरपणा आला तर खिळा टोचूनही कळत नाही. चूक झाल्याचं तिला क्षणभर जाणवत असेलही. पण ती चूक तिच्या मनातल्या चित्रात उतरत नाही. तिथे ती अजून जुनीच आहे, जिच्या हातून वाकडा टाका कधी गेला नाही ती.

आणि दुसऱ्याच्या चुका मात्र तिला लख्ख दिसतात. बघणारे डोळे शाबूत आहेत, ते स्वतःकडे वळत नाहीत एवढंच. सगळ्यांचं अगदी असंच होतं असं नाही. काहींना थोडं कळतं, काहींना एका दिवशी कळतं आणि दुसऱ्या दिवशी नाही. फोटोवरून आम्हालाही सगळं सांगता येत नाही.

तिला इथे आणा, तपासू. पण आजोबा, मला वाटतं तिला सांगायला हवं. तिचं डोकं आहे, तिचा हक्क आहे. तुमच्याने होत नसेल तर मी सांगेन. माझ्यावर ती चिडत नाही.

तुमची टाचणी


२९ मार्च

टाचणे,

आत्ता कुठे बूड टेकलं आणि लिहायला घेतलं. तारीख तुझ्या आजोबांकडून घेतली, तेवढं तरी त्यांना नीट आठवतं.

काय गं तुझं ते हॉस्पिटल. फरशी अशी की पोळी लाटावी. आणि सगळ्यांच्या पायात ते रबराचे बूट, कुणाचा आवाज नाही. माणसं चालतायत की तरंगतायत. तुझ्या पायात काय होतं ते बघायचं राहिलंच. मी पाठवलेला जोड घातला होतास ना?

ह्यांना तिथवर आणायला मला काय काय करावं लागलं ते मलाच ठाऊक. आधी नकोच म्हणत होते. मग म्हणाले, "तू बरोबर येणार असशील तर येतो." लहान पोरासारखं. म्हटलं, चला, मी बसते शेजारी, घाबरू नका. बसमध्ये खिडकीची जागासुद्धा त्यांना दिली.

ती डॉक्टरीण बाई गोड आहे, पण डाव्या टाचेवर भार टाकते, तिला सांग, गुडघा जाईल पुढे. तिने ह्यांना प्रश्न विचारले. ह्यांनी इतकी हळू हळू उत्तरं दिली की मला बघवेना. मधेमधे मीच सांगून टाकलं. मग ती म्हणाली, "आजी, तुमचीही तपासणी करू सोबत, म्हणजे आजोबांना धीर येईल." म्हटलं, करा की. मला घड्याळ काढायला सांगितलं. असं सुंदर घड्याळ काढलं की तिने ते ठेवूनच घेतलं. मग काही शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. आता मला त्या शब्दांपेक्षा चांगली गोष्ट आठवली होती, आपल्या मांजराने सरसाच्या डब्यात पाय घातला होता ती. ती सांगितली. बाई हसली. विचारते, "तुमची स्मरणशक्ती कशी आहे आजी?" म्हटलं, चांगली आहे, म्हणून तर ह्यांचीही मीच सांभाळते.

यंत्रात मलाही घातलं. ठकठक ठकठक. मी डोळे मिटले आणि वाटलं, शेजारी हे टाच ठोकतायत. झोपच लागली बघ. तू काचेपलीकडे होतीस, हात केलास. तुझे डोळे लाल दिसले. त्या दिव्याखाली बसून बसून होतात ते. थंड पाण्याचे हबके मार.

शेवटी ती बाई आम्हा दोघांना समोर बसवून बरंच बोलली. मी सगळं लक्ष देऊन ऐकलं. आता एवढंच ध्यानात आहे की घरी जपावं लागेल. मी तिला म्हटलं, "बाई, काळजी नको. मी आहे त्यांना." तर तुझे आजोबा एकदम हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी. ह्या आजारात असं होतं का गं, हसण्यातून रडू?

बाकी बरं. पाववालीने विचारलं, नातीच्या यंत्रात काय दिसलं. म्हटलं, माझ्या डोक्यात बूट दिसले, रांगेने.

तुझी पास झालेली आजी


६ एप्रिल

आजी,

हे पत्र लिहायला मला बरेच दिवस लागले. सावकाश वाच. वाचताना आजोबांना जवळ बसव.

तू मला कधी खोटं सांगितलं नाहीस. मी जिन्यावरून पडले तेव्हा सगळे म्हणत होते, काही झालं नाही, काही झालं नाही. तू म्हणालीस, "हात मोडलाय, दुखणार, ओरड हवं तेवढं." त्या दिवसापासून मी तुझ्यावर विश्वास ठेवते. म्हणून मीही तुला खरं सांगणार आहे.

हे पत्र आजोबांबद्दल नाही. ते बरे आहेत. आजार तुला आहे, आजी. तुझ्या मेंदूचा आठवणींचा भाग आक्रसतोय. तू गोष्टी विसरतेस, जेवलीस तेही विसरतेस, शिवण चुकते. आणि हे तुला जाणवत नाही, कारण आजार जाणवून देणाऱ्या भागालाही तोच आजार आहे. यात तुझा काही दोष नाही. तू कुठे कमी पडली नाहीस. आजोबा तुझी शिवण उसवतात ते तुझं नाव खराब होऊ नये म्हणून. मला बूट अजून मिळालेले नाहीत, आणि त्याचं मला काहीच वाटत नाही.

रागावलीस तर माझ्यावर रागाव. ओरड हवं तेवढं.

तुझी टाचणी


१५ एप्रिल

माझ्या शहाण्या टाचणीला,

पत्र वाचलं. आधी डोळे पुसते, कागद भिजतोय.

केवढी हुशार गं तू. पहिल्यांदा वाचलं तेव्हा चक्रावलेच. ही मला काय म्हणते? दुसऱ्यांदा वाचताना उजेड पडला. पत्र ह्यांच्या हाती लागलं तर त्यांना धक्का बसू नये म्हणून तू सगळं माझ्या नावावर घातलंस. "आजार तुला आहे, आजी." मी मनात म्हटलं, बाई गं, लहानपणी हिने दूध सांडलं की मांजराचं नाव सांगायची, ती कला अजून गेली नाही.

तर मला सगळं कळलं. त्यांचं डोकं आक्रसतंय. आणि त्यांना ते जाणवतही नाही. हे वाचून मात्र मी बसलेच. आजारी माणसाला निदान दुखतं तरी. ह्यांना दुखतही नाही. सकाळी उठतात, दाढी करतात, एप्रन बांधतात, वाटतं की आपण कालचेच.

मधेच एकदा वाचताना पोटात खड्डा पडला. जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा. मी इकडेतिकडे बघितलं. हे समोर बसून माझ्याकडेच बघत होते. मग गेला तो खड्डा. काय होतं ते आता आठवत नाही.

तू म्हणतेस, त्यांना जवळ बसवून वाच. नाही वाचलं. आणि तुला बजावून ठेवते, तूही कधी सांगायचं नाहीस. आजी आहे मी तुझी, ऐकायचं. हात मोडला तेव्हा खरं सांगितलं मी, आठवतंय, कारण हात बसवता येत होता. खरं सांगून तुला पुढचं काहीतरी करता येणार होतं. ह्यांना सांगून ते काय करणार? नुसते रडतील, आणि मग कशाने रडलो तेही विसरतील, आणि रडू तेवढं उरेल. माणसाला आपण आहोत तसेच आहोत असं वाटू द्यावं. बाकीचं घरातल्या दुसऱ्या माणसाने बघावं. त्यासाठीच तर दोघं असतात.

आता मी ठरवलंय. ते माझी शिवण उसवतात ना, उसवू देत. मी झोपल्याचं सोंग घेईन. तेवढ्याने त्यांना कामाचं समाधान मिळत असेल तर माझे टाके गेले तर गेले.

तुझ्या बाबाला सांगितलंस का? सांगू नको हं.

तुझी, सगळं समजलेली आजी


२६ एप्रिल

बाळ,

तुझं पत्र तिने मला वाचून दाखवलं नाही. पण चौकीवर उघडंच ठेवून गेली, मी वाचलं. तिचं उत्तरही टपालात टाकायला तिने माझ्याकडेच दिलं, पाकीट न चिकटवता. तेही वाचलं. माफ कर.

दोन दिवस ती माझ्यासाठी रडत होती. माझ्या पावाचे लहान लहान तुकडे करून देते. जिना उतरताना पुढे राहते, मी पडलो तर तिच्यावर पडावं म्हणून. माझ्या आजारपणात ही कशी वागेल हे कोणा नवऱ्याला आधी बघायला मिळतं? मला मिळालं.

तुझा हक्काचा मुद्दा मी सोडलेला नव्हता. पण आता तिनेच निकाल दिलाय. आपण तिला विचारलं असतं तर हेच म्हणाली असती. मी तरी असं धरून चालतो.

तुझ्या बाबांशी बोललो. कुलूप घेऊनच आला होता. तिच्या शेजारी चौकीवर तासभर बसला, तिने त्याच्या बुटाची वादी बदलून दिली, उलटी. कुलूप खिशात घालून परत गेला. गिऱ्हाइकांची कामं मी पुढच्या गल्लीतल्या कारखान्याला देतो. टोचायची आरी आणि रापी मी समोर असतानाच तिच्या हातात. पण चौकी तिची. चामडं, दोरा, मेण सगळं तिथेच. म्हणाली, मला काम द्या. म्हटलं, माझे बूट झिजलेत. आता तिचं एकच गिऱ्हाईक उरलंय.

तू म्हणशील, घालायच्या आधी निदान आत हात घालून बघा. नाही बघणार. तिचा अंगठा फिरलेल्या बुटात मी पुन्हा बोट घालायचं, हे मला जमणार नाही.

आजोबा


४ मे

आजोबा,

माझं चुकलं असं म्हणत नाही, पण पुन्हा लिहिणार नाही तसं. तिने मला ऐकायला सांगितलंय. तिच्या पत्रातला तो जिन्याच्या पायरीचा भाग मी रोज वाचते. तेवढा एक क्षण तिला माझं पत्र खरंच पोचलं होतं. तो क्षण पुन्हा तिच्यावर आणायला माझा हात धजत नाही.

जून लागला की महिनाभर येते. तोवर मोजे जाड घाला.

टाचणी


१९ मे

माझ्या टाचणीला, गालावर दोन आणि कपाळावर एक.

आज मी इतकी आनंदात आहे की आधी काय सांगू ते सुचेना. तुझ्या आजोबांसाठी जोड केला. सगळा मी एकटीने. चामडं कापण्यापासून. ते म्हणाले, हात लावू का? म्हटलं, गप बसा, गिऱ्हाइकाने गिऱ्हाइकासारखं राहावं. ते बसले बिचारे खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून, आणि मी कापताना रापीकडे असे बघत होते की जसं काही मी पहिल्यांदाच धरलीय.

चामडं ठेवणीतलं काढलं, तपकिरी, लोण्यासारखं. त्यांच्या पायाचं कलबूत, तेच लाकडाचं पाऊल गं, ज्याच्यावर बूट चढवतो, ते फळीवरून उतरवलं. धूळ पुसली. त्यावर एक बूट चढवला, झाला. मग दुसरा चढवला. टाके असे बारीक की मुंगीने मोजावेत. तुझा जोड आधीच पाठवला म्हणून बरं, हा बघून तू रुसली असतीस.

आज सकाळी घालायला दिले. दोन्ही समोर ठेवले. ते बघतच राहिले. म्हटलं, काय झालं, आवडले नाहीत? म्हणाले, "असे बूट मला कुणी केले नव्हते." मग घातले. डावा सर्रकन गेला. उजव्याला जरा वेळ लागला, ओठ मिटून घेतले होते त्यांनी. तेवढ्यात पाववाली टोपली घेऊन आली. पायांकडे बघून म्हणते, "अहो आजोबा, हे तर दोन्ही डाव्याच पाया..." ह्यांनी तिच्याकडे असं बघितलं की ती टोपली तिथेच टाकून गेली. पावातलं कळतं तिला, बुटातलं काय कळतंय. मी मनावर घेतलं नाही. ह्यांना विचारलं, बसले का? म्हणाले, "बसले. अगदी माझ्या मापाचे."

मग फिरायला निघालो, नवे बूट पायात रुळवायला. आणि टाचणे, आता वाईट ऐक. ते लंगडतात. उजवा पाय आतल्या बाजूला वळतो, फरफटतो. कोपऱ्यापर्यंत जाता जाता कपाळावर घाम. मी मनात म्हटलं, आला, आजार पायात उतरला. तुझ्या त्या डॉक्टरणीने सांगितलं असेल, मीच विसरले असेन. विचारलं, बूट चावतो का? म्हणाले, नाही. दोनदा विचारलं. नाही म्हणजे नाही. तेव्हा बूट नाहीच तो. मी स्वतः आतून अंगठा फिरवून बघितला होता, टाचेपासून बोटांपर्यंत. काही नव्हतं. बूट चांगला आहे, पाय वाकडा पडतोय.

मग मी काय केलं सांगू? त्यांचा हात धरला. भर रस्त्यात. लग्न झाल्यापासून हे पुढे आणि मी मागे, त्यांच्या टाचा बघत चालणारी. आपल्या दुकानातल्या कुठल्या टाचा झिजल्या हे मला पाठीमागूनच कळायचं. आज पहिल्यांदा शेजारून चाललो. त्यांचा हात घट्ट आहे गं अजून. लोक बघत होते. मास्तर समोरून आले, त्यांनी आमच्या पायांकडे बघितलं, मग हातांकडे, आणि टोपी काढली. का कुणास ठाऊक.

ते म्हणाले, "उद्या पुन्हा जाऊ." म्हटलं, पायाला त्रास होतो तुमच्या. म्हणाले, "होऊ दे. तू धरशील ना?"

धरीन म्हटलं.

तर तू त्यांची काळजी करू नकोस. त्यांना काही कळू दिलेलं नाही मी. हळूहळू चालतो, मधे पाववालीच्या पायरीवर बसतो, पुन्हा उठतो. मी त्यांना सोडत नाही.

तुझी आजी